नरसिंहपूरच्या पायरीवरची भेग

मित्रांनो, मी पणदऱ्याच्या एका शेतकरी घरातला जुना मोबाइल आहे. माझ्या काचेवर दोन भेगा आहेत. एक वरच्या कोपऱ्यातून तिरकी गेली आहे, ती जुनी. दुसरी बरोबर मधोमध आहे, ती गेल्या माघातली. पहिलीचं मला अजूनही वाईट वाटतं. दुसरी मी दागिन्यासारखी मिरवतो. असं का, हे कळायला माझी हकिकत सुरुवातीपासून ऐकावी लागेल.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो, ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते बारामतीतल्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटापासून. दिवाळीला आठ दिवस असताना रणजित नावाचा उंच माणूस तिथे आला. त्याने तीन मोबाइल हातात तोलून पाहिले आणि मला शर्टाच्या खिशात टाकलं. दोन वर्षं मी त्या खिशात राहिलो. वीज किती वाजता येणार, उसाला तोड कधी मिळणार, डेअरीवर दुधाला फॅट किती लागलं, हे सगळं त्याला माझ्याकडून कळायचं. ‘ह्यो माझा उजवा हात हाय,’ असं तो चारचौघांत म्हणायचा. मला ते फार आवडायचं.

मग एका दुपारी चालत्या ट्रॅक्टरवरून मी फाळावर पडलो. पहिली भेग तेव्हाची. रणजितने नवा मोबाइल आणला आणि उजवा हात बदलला. मी त्याच्या बायकोकडे, स्वरूपाकडे गेलो. तिथे माझी गाठ राजेश्वरीशी पडली.

राजेश्वरी त्यांची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. घरात चार म्हशी होत्या आणि एक रीत होती. सकाळ-संध्याकाळ धार निघाली की कॅन डेअरीला जाण्याआधी पहिला तांब्या राजेश्वरीसाठी बाजूला निघायचा. ही रीत तिच्या आजीने, प्रयागबाईने घातलेली. ‘डेरीला मागनं, आदी माझ्या वाघिणीला,’ असं म्हणत ती दूध तापवायची आणि दिवसभर पाजायची. राजेश्वरी भाकरीला तोंड लावत नसे. ‘ऱ्हाऊ द्या, दूध हाय की,’ असं म्हणून पुन्हा पेला भरला जायचा. मी मोजले आहेत. दिवसाला सहा पेले.

आणि मित्रांनो, ते पेले रिकामे करायचं काम माझं होतं. स्वरूपा मला भिंतीला टेकवून उभं करायची. माझ्या काचेवर गाणारा ससा नाचायचा, राजेश्वरी त्याच्याकडे टक लावून बघायची आणि दूध पोटात जायचं. आपण केवढं चांगलं काम करतो, असं मला वाटायचं. पोर गुबगुबीत दिसत होती. हळूहळू उजळही दिसू लागली. डेअरीवर जाणाऱ्या बाया वाकून तिचा गालगुच्चा घ्यायच्या. ‘प्रयागबाई, नात लोण्याचा गोळा हाय बगा!’ मग अभिमानाने प्रयागबाईचा पदर दिवसभर खांद्यावर ठरत नसे.

पण लोण्याचा गोळा चालायला मागेना. गोठ्यापर्यंत गेली की हात वर करून ‘घे, घे’ म्हणायची. रणजितला वाटलं, लाडाने बसून राहते. आषाढात एकदा स्वरूपा शेणी थापत होती. वळून पाहते तो राजेश्वरी गोठ्याच्या ओल्या भिंतीची माती बोटाने उकरून खात होती.

स्वरूपाने तिचं तोंड धुतलं आणि मला समोर धरून विचारलं, ‘ल्हान पोर माती का खातं?’

प्रश्न अगदी बरोबर होता. मी मात्र जे सर्वांत वर होतं, ते पुढे केलं. एक बुवा दृष्ट काढायला सांगत होता. त्याच्याखाली एक बाई एका पावडरीचा डबा हातात घेऊन म्हणत होती की, ही दुधात घाला, पंधरा दिवसांत बाळ गुटगुटीत होईल. बाईचा आवाज गोड होता, पदर डोक्यावर होता. स्वरूपाला ती घरातलीच वाटली. डबा आला. पावडर दुधातच घालायची होती, म्हणून सहाचे सात पेले झाले. प्रयागबाई खूश होती.

नागपंचमीला स्वरूपा माहेरी, नरसिंहपूरला गेली. तिथे नदीपासून देवळापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. तिच्या भावांची मुलं त्या पायऱ्यांवर शिवाशिवी खेळत होती. राजेश्वरीही त्यांच्यामागे निघाली. स्वरूपाने कौतुकाने मला बाहेर काढलं आणि चालतं-बोलतं चित्र टिपायला लागली. एक, दोन, तीन. सातव्या पायरीवर पोर बसली. तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. तिच्याहून सहा महिन्यांनी लहान असलेला मामेभाऊ तिला ओलांडून वर गेला. ते चित्र अजून माझ्यात आहे. त्याच्या शेवटी स्वरूपाचा आवाज ऐकू येतो, ‘आगं, काय होतंय तुला?’ आणि मग सगळं हलतं, कारण ती धावत सुटली होती.

पणदऱ्याला परतल्यावर तिने ते चित्र अंजुमताईंना दाखवलं. अंजुमताई अंगणवाडीच्या सेविका. त्यांनी ते दोनदा बघितलं. मग राजेश्वरीला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढली. आतला भाग पांढुरका होता.

‘ही उजळ न्हाय झाली गं, फिकी पडलीया,’ त्या म्हणाल्या. ‘दर म्हैन्याला वजन करती मी. काटा बरोबर दावायचा, म्हणून मीबी फसले.’

स्वरूपाने डब्याची गोष्ट सांगितली. अंजुमताईंनी मला हातात घेतलं, गोड आवाजाची ती बाई पाहिली आणि हसल्या. ‘बया, ही तर डबा इकायला बसलीया! इकणाऱ्याला इचारल्यावर तो दुसरं काय सांगणार?’

मग त्यांनी स्वरूपाला माझ्याशी बोलायला शिकवलं. मित्रांनो, तोपर्यंत मला तसं कुणी वापरलंच नव्हतं. बोलणारा कोण आहे, त्याचं नाव आणि शिक्षण लिहिलंय का, हे त्यांनी आधी बघायला लावलं. मजकूर कधीचा आहे, तेही बघितलं. तो माणूस काही विकत असेल, तर पुढे जायचं. सरकारी आरोग्य खात्याचं एक मराठी पान निघालं, आणि मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं एक. दोन्हीकडे जवळजवळ एकच गोष्ट लिहिलेली होती. मूल फिकं दिसतं, लवकर दमतं, माती खातं, तर त्याच्या रक्तात लोह कमी असू शकतं. वयाच्या पहिल्या वर्षानंतर नुसत्या दुधावर ठेवलेल्या मुलांत हे दिसतं, कारण दुधात लोह फार थोडं असतं आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. शेवटी एक ओळ होती. घरी औषध ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

‘ही वळ ज्या पानावर असंल, त्यावर इस्वास ठेव,’ अंजुमताई म्हणाल्या. ‘मोबाइल रगत तपासत न्हाय. उंद्या सकाळच्या यष्टीनं बारामती गाठ.’

बारामतीच्या मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ निघालं. अकराच्या पुढे हवं होतं. ‘वेळेवर आणलंत,’ असं सांगून त्यांनी लोहाचं औषध दिलं, किती आणि केव्हा द्यायचं ते लिहून दिलं, महिन्याने परत बोलावलं. दूध दिवसाला दोन लहान कप, तेही जेवणानंतर. बाकी भूक अन्नासाठी राखा. आणि माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘जेवताना हे समोर नको.’

मी स्वरूपाच्या हातात होतो. तिथेच मान खाली घातली.

घरी खरं संकट पुढेच होतं. प्रयागबाईने दोन कपांचं ऐकलं आणि हातातला पेला खाली ठेवला.

‘सात फॅटचं दूध पाजलं मी पोरीला. डेरीवाला एक थेंब पानी दावू शकला न्हाय. आन् माझ्याच दुदानं पोर आजारी पडली म्हंता?’

‘आत्या, तसं न्हाय...’ स्वरूपा सासूला समजावू लागली.

‘मग कसं? त्या फुटक्या डबड्यात बगून तू माझी पारख करणार व्हय?’

त्या संध्याकाळी तिने चहाही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी धार निघाल्यावर पहिला तांब्या तिने सवयीने बाजूला काढला. पेला भरला आणि नातीला हाक मारली. स्वरूपा दारात उभी राहिली. सासूला अडवायची तिची हिंमत होईना, आणि पोरीला पिऊ द्यायचंही धाडस होईना. तेवढ्यात अंजुमताई आल्या. त्यांनी दुधाचं नावही काढलं नाही. गोठ्यात जाऊन त्या चंद्री म्हशीचं रेडकू पाहू लागल्या.

‘आक्का, ह्याला वैरण कदी दावली?’

‘दोन म्हैन्याचं झाल्यावर. का गं?’

‘नुस्तं दूदच पाजलं आसतं तर? चार म्हशींचं दूद हाय की घरात.’

‘येडी का काय तू?’ प्रयागबाई हसली. ‘नुस्त्या दुदावर रेडकू गुबगुबीत दिसतं, पन त्याच्या पोटाचा कोठा तयार हुत न्हाय. पाय लटलटत्यात. वैरणीला तोंड लावाय पायजे, मग दूद कितीबी चांगलं...’

ती मध्येच थांबली. हातातल्या पेल्याकडे बघितलं. राजेश्वरी उंबऱ्यावर बसून होती, तिच्याकडे बघितलं. मग प्रयागबाईने पेला मांजराच्या परळात ओतला.

‘मला रेडकाचं कळतंय आन् नातीचं कळंना व्हय,’ ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. ‘स्वरूपे, तुझ्या डबड्याला इचार, कालवण कसलं करू?’

त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं. जेवायच्या वेळी मला फडताळात बंद करत. पहिले तीन दिवस राजेश्वरीने फडताळासमोर आकांत मांडला. मला आतून तो ऐकू यायचा आणि वाईट वाटायचं, पण दार उघडलं नाही, हे बरं झालं. चौथ्या दिवशी तिने आजीच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला. जेवणं झाली की स्वरूपा मला बाहेर काढायची. माझ्यावर वाचून तिने हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, मेथीच्या भाजीवर लिंबू, अंडं, पेरू असं सुरू केलं. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून तिला चहा-चपाती द्यायची नाही, असं ठरवलं. औषधाची वेळ आणि डॉक्टरांकडे जायची तारीख मी आठवणीत ठेवायचो. एका चांगल्या पानावर लहान मुलांचे खेळ सापडले. अंगणात विटा मांडून त्यांवरून चालणं, चेंडू लाथाडणं, आजीला शिवणं. शेवटच्या खेळाला प्रयागबाई रोज हरायची. ‘आगं सटवे, गुडगं गेलं माजं!’ असं ओरडत पुन्हा पळायची.

महिन्याने हिमोग्लोबिन आठच्या पुढे गेलं. चौथ्या महिन्यात ते साडेअकरा होतं. त्या दिवशी डॉक्टरांनी रक्ताचा कागद प्रयागबाईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, तरी तिने तो डेअरीवर सगळ्यांना दाखवला.

माघात स्वरूपाच्या भाच्याचं जावळ होतं. सगळे नरसिंहपूरला गेले. पायऱ्यांवर मुलं जमली. स्वरूपा खालच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने मला दोन्ही हातांनी समोर धरलं. सातवी पायरी आली. राजेश्वरी थांबली नाही. आठवी, नववी, पार वरपर्यंत गेली. वरून मामेभावाला चिडवून ती तशीच खाली वळली, धाडधाड उतरत आली आणि आईच्या हातांवर आदळली. मी दगडावर पडलो.

दुसरी भेग ती. माझ्यातल्या त्या चित्रात शेवटी फक्त आकाश आहे. पण रणजितचा आवाज येतो, ‘आगं, फोन फुटला!’ आणि त्यावर प्रयागबाईचा, ‘फुटू दे की! पोरगी पळाली न्हवं?’

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात की, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. अडलात तर मला जरूर विचारा, पण उत्तर कोण देतोय ते पाहून मगच त्यावर विश्वास ठेवा. आणि जेवायची व खेळायची वेळ झाली की मला फडताळात ठेवा, दार नीट लावा. आत मला एकटं वाटत नाही. अंगणात विटांवरून पळणारी पावलं मला तिथून ऐकू येतात.