नावाची मुदत

भैय्याजींनी कंपनीचा चौथा मेलही न वाचता डिलीट केला आणि चहा टाकायला उठले. त्यांच्या साइटचं नाव या कंपनीकडून वर्षाच्या भाड्याने घेतलेलं होतं आणि त्याची मुदत आज संपत होती. पैसे भरायचे नाहीत, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं लोकांची हजेरी लावून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही साइट काढली होती. विदर्भातून भिलाई-दुर्गला आलेल्या घरांच्या बातम्या त्यात असायच्या. कोणाचं लग्न जमलं, कोण नागपूरला परत गेलं, कोण वारलं. पत्नी गेल्यावर तर दिवसाला तेवढाच आधार उरला होता. पण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं, आता सगळं मोबाइलच्या ग्रुपवर येतं, तुमची साइट बघतं कोण? लोक हसले. भैय्याजीही हसले, पण ते त्यांना फार लागलं. बंद पडू दे, बघू कोणाचा फोन येतो ते, असं त्यांच्या मनाने घेतलं.

नियम त्यांना पाठ होते. पहिले तीस दिवस नेहमीच्याच पैशांत नाव परत मिळतं. पुढचे तीस दिवस दंड भरून. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव मोकळं, घेईल त्याचं. एक जरी फोन आला असता तरी त्यांनी पैसे भरले असते. थोडे आढेवेढे घेतले असते, पण भरले असते.

फोन आले. गॅसवाल्याचा आला, बँकेचा आला. बंगळूरहून मुलाचा आला, जेवलात का विचारून त्याने ठेवला. साठाव्या दिवशी भैय्याजींनी दंडाचं पान उघडलं आणि संध्याकाळपर्यंत नुसतं समोर ठेवलं. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला कोणीतरी लागतं. ते कोणी आलं नाही.

सहासष्टाव्या दिवशी नाव कोणीतरी उचललं. उघडून पाहिलं तर त्यावर रमीचा जुगार सुरू झालेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभ्या होत्या. अहिवाऱ्याच्या हिराबाई, रेल्वेतून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांच्या पत्नी. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बातमी भैय्याजींनीच दिली होती. दुर्गच्या या पद्मनाभपुरात चार ठिकाणी विचारून तुमचं घर सापडलं म्हणाल्या. पाणी प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"हे गेले, भैय्याजी. बावीस दिवस झाले."

दुर्ग लाइनीवर उभी नोकरी काढलेला माणूस, आणि तेरवीला पंधरा पानंही उठली नाहीत, असं त्या सांगत राहिल्या. कोणाला कळलंच नाही. ग्रुपमध्ये पुंडलिकरावांना कोणी घेतलं नव्हतं. रोज सकाळी ते भैय्याजींची साइट उघडायचे. ती उघडेना, तेव्हा आपलाच फोन बिघडला असं वाटून दोनदा दुकानात नेऊन आले.

बावीस दिवसांपूर्वी दंड भरून नाव परत मिळत होतं. भैय्याजींच्या ते लगेच लक्षात आलं आणि त्यांना हिराबाईंकडे पाहवेना.

"मले फोन कावून नाही केला, वहिनी?"

"नंबर कुठी होता आमच्यापाशी? थो तुमच्या साइटवरच होता न." मग त्या जरा पुढे सरकल्या. "आता टाकता न बातमी? लोकाले माहीत तं होईल."

भैय्याजींनी कागद घेतला. पूर्ण नाव, मूळ गाव, निवृत्तीचं वर्ष, सगळं विचारून लिहून घेतलं. खरं काय ते सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण सांगवलं नाही. आजच सगळ्यांना कळवतो, एवढंच म्हणाले. हिराबाई अहिवाऱ्याच्या बससाठी निघाल्या.

मग त्यांनी कपाटातली डायरी काढली. पुंडलिकरावांबरोबर काम केलेला मरोद्याचा नरेश, त्याचा नंबर लावला. नरेशने आवाज ओळखला. इतक्या दिवसांनी आमची आठवण कशी आली, म्हणून थोडी चेष्टाही केली.

"पुंडलिकराव गेले, नरेश," भैय्याजी म्हणाले. "बावीस दिवस झाले. सांगाचं माह्याकडून राहून गेलं."