वेगळ्या चुली

ग्लेनिस आणि नोएल नवरा-बायको नव्हते, आणि तसं व्हावं असं दोघांपैकी एकालाही कधी वाटलं नव्हतं. नोएल तिच्या थोरल्या भावाचा, विल्फचा, जिवलग मित्र. विल्फ गेला त्या हिवाळ्यात दोघांनाही आपापलं घर परवडेनासं झालं, तेव्हा मोरकॅम या समुद्रकाठच्या गावात, किनाऱ्यामागच्या एका गल्लीत, त्यांनी अरुंदसं दुमजली घर निम्म्या-निम्म्या भाड्याने घेतलं. वरची खोली त्याची, आणि तिच्या पाठीला जिना सोसत नसे म्हणून खालची तिची. शाळेच्या स्वयंपाकघरात जड पातेली उचलून तिची पाठ कायमची कामातून गेली होती आणि ती सरकारी भत्त्यावर राहत होती. तो बस चालवून निवृत्त झालेला. शुक्रवारी तो कोपऱ्यावरून तळलेला मासा आणि बटाटे आणायचा आणि दोघं ते कागदावरच खायचे. ती त्याच्या मानेवरचे केस कापून द्यायची, तो तिच्या औषधांच्या बाटल्यांची घट्ट झाकणं सैल करून ठेवायचा, आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा पीत विल्फच्या जुन्या फजित्या आठवून दोघं हसत बसायचे.

मग दोघं एकत्र राहतात असं कुणीतरी भत्त्याच्या कार्यालयात कळवलं. एका छपराखाली मित्र म्हणून राहायला हरकत नव्हती. पण दोघांचा संसार नवरा-बायकोसारखा एकत्र आहे असं ठरलं, तर नोएलचं पेन्शन तिचंही धरलं जाणार होतं आणि तिचा भत्ता थांबणार होता. चौकशीला एक बाई घरी येणार, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारणार, असं कळलं तेव्हा ग्लेनिस धास्तावली.

नोएलने मात्र गंमत म्हणून तालीम सुरू केली. डोक्यावर तिची लोकरी टोपी चढवून, आवाज बारीक करून तो विचारायचा, या गृहस्थांना चहात साखर किती लागते, त्यांचे मोजे कोण धुतं? ग्लेनिसला हसू आवरत नसे.

"तू हसतेस ना, तिथेच आपण सापडणार," तो एकदा टोपी काढत म्हणाला. "आणि माझं खोटं तर आंधळ्यालाही दिसतं. त्यापेक्षा मी खरंच विसरून टाकतो."

"काय विसरतोस?"

"तुला."

तो हसतच म्हणाला होता. पण त्या संध्याकाळी तो खुर्चीत डोळे मिटून बराच वेळ बसून राहिला, मनातल्या मनात काहीतरी एकेक करून खाली ठेवत असल्यासारखा, आणि तिने हाक मारली तेव्हा त्याने जरा उशिराच वर पाहिलं.

चौकशीला आलेली मिस लोमॅक्स तरुण होती, मऊ बोलणारी. ग्लेनिसचं झाल्यावर ती नोएलसोबत पुढच्या खोलीत बसली. भिंतीआडून त्याचे शब्द येत होते आणि ग्लेनिस कौतुकाने ऐकत होती. नाही, बाईंच्या पाठीचं मला काही ठाऊक नाही. नाही, त्या काय जेवतात ते मी पाहिलेलं नाही. त्यांच्या भावाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांना भाऊ होता का?"

जाताना मिस लोमॅक्स दारात रेंगाळली. भत्ता चालू राहील, असं तिने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाटक करणारे मी पुष्कळ बघते. ते गृहस्थ नाटक करत नव्हते."

ग्लेनिसने हसत हसत चहा केला आणि दोन कप घेऊन ती पुढच्या खोलीच्या दारात गेली. नोएल अदबीने उठून उभा राहिला. आभारी आहे, माझा चहा झालाय, म्हणाला. ती गेली, आता पुरे कर, असं ग्लेनिसने सांगितलं, तेव्हा बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघून हसावं तसा तो हसला.

पुढे तो स्वयंपाकघरात यायच्या आधी दारावर टकटक करू लागला. शुक्रवारी एकाचंच जेवण घेऊन वर जाऊ लागला. डॉक्टरांनी त्याला तपासलं. बसचे सगळे थांबे, आईचं माहेरचं नाव, कालच्या सामन्याचा निकाल, सगळं त्याने धडाधड सांगितलं. एके दुपारी ग्लेनिसने त्याची बाही धरली आणि ती विल्फबद्दल बोलायला लागली. त्याचे डोळे भरून आले. विल्फसारखा मित्र होणार नाही, तो म्हणाला. मग हलकेच बाही सोडवून घेत तो म्हणाला, "पण बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. विल्फला बहीण नव्हती."

त्याच आठवड्यात तिने कोट चढवला आणि पाठीला पट्टा बांधून ती स्वतः कार्यालयात गेली. भत्ता बंद करा, तिने मिस लोमॅक्सला सांगितलं. आमचं घर एकच आहे, आम्ही एकत्र जेवतो, मी खोटं बोलले होते. हे कुठेतरी लिहिलं गेलं, कुणी अधिकाराने ते त्याला वाचून दाखवलं, तर त्याला मान्य करावंच लागेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मिस लोमॅक्सने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "बरं. त्यांना चहात साखर किती लागते?"

ग्लेनिसने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, आणि जिभेवर काहीच नव्हतं. ते हसतात कसे, चष्मा लावतात का, तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटलात, मिस लोमॅक्स विचारत राहिली, अगदी हळुवारपणे, आणि प्रत्येक प्रश्नासरशी आत कुठेतरी एकेक दिवा कुणी मालवत जावा तसं ग्लेनिसला वाटत गेलं.

"तुम्ही दमलात," शेवटी मिस लोमॅक्स म्हणाली. "घरी जा. तुमचा भत्ता चालू आहे."

परतताना ती समुद्राच्या कडेने चालत आली. ओहोटी लागली होती, पाणी फार लांब गेलं होतं, आणि आपण एवढ्या घाईने कशासाठी बाहेर पडलो होतो, याचा विचार करता करता ती गल्लीपर्यंत पोचली. घरात ऊब होती. एकटीच्या घरात कशी छान शांतता असते, असं तिच्या मनात आलं. चहा ओतून ती स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उन्हात बसली. आज पाठही दुखत नव्हती.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.

ती कप हातात धरून तशीच थांबली. जिन्यावर पावलं वाजली, जड, सावकाश, पुरुषाची. ग्लेनिसने उठून स्वयंपाकघराच्या दाराची कडी लावली आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पावलं दारापाशी येऊन थांबली. पलीकडे कुणीतरी दबक्या श्वासाने कानोसा घेत होतं.

"कोण आहे आत?" घाबरलेल्या आवाजात त्याने विचारलं. "माझ्या घरात कोण आहे?"

तिलाही नेमकं हेच विचारायचं होतं.