दुपारची भरती

मे महिन्यात चित्रा नवऱ्याबरोबर, उत्तमबरोबर, कराडहून ठाण्याला आली, ती सुट्टीला म्हणून. घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतीत नणंदेचा, शालूवन्संचा, फ्लॅट होता. उत्तम कामाला होता तो कारखाना बंद पडलाय हे वन्संना कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोचं गाडीतच ठरलं होतं.

त्या सकाळी उत्तम खाडीवरून फिरून आला तो उजळून. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "पल्याड कारखान्यांच्या शेड दिसतात ना, तिथं कसं जायचं म्हणून एका कोळणीला विचारलं. म्हणाली, चिखलातनं चालत जाशील, पन आज दुपारला मोठी भरती हाय."

सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन तो जेवण होताच निघाला.

थोड्या वेळानं खालून हाक आली. रोज मासे विकायला येणारी मंजुळा कोळीण. वॉचमन तिला लिफ्टनं वर सोडत नसे. चित्रा ताटली घेऊन फाटकाशी गेली.

"मावशी, सकाळी आमच्या ह्यांना भरतीचं तुम्हीच सांगितलंत? किती माणसं घेणार?"

मंजुळा खळखळून हसली. "भरती मानसं घेतं, बाय! न विचारता घेतं!" मग चित्राच्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली. "अगो, भरती म्हंजे पानी चढतं ती. तुमच्याकडं काय म्हनतात?"

"नोकरीची... भरती."

"गेला काय तो?"

चित्रानं खाडीकडे बोट केलं. मंजुळानं टोपली तिथंच टाकली आणि नवऱ्याला, गोमाजीला, हाका मारत कोळीवाड्याकडे धावली. चित्रा मागोमाग. सकाळी जिथं चिखल होता तिथं आता तपकिरी पाणी तिवरांच्या बुंध्यांतून आत सरकत होतं. आवाज नाही, लाट नाही. नुसतं वाढत होतं.

"त्यो बघ!" गोमाजी होडी ढकलत ओरडला.

दूर, छातीभर पाण्यात, उत्तम उभा होता. पाय चिखलात रुतलेले, दोन्ही हातांनी डोक्यावर पिशवी धरलेली. होडी जवळ गेली तरी त्याला पिशवी सोडवेना. गोमाजीनं शिवी हासडली तेव्हा कुठं त्यानं हात पुढे केला.

परतले तेव्हा शालूवन्सं फाटकात होत्या. मंजुळाच्या टोपलीभोवती कावळे जमले होते.

"काय रे हा अवतार! पोहायला गेलेलास का?"

उत्तमच्या कपड्यांतून चिखलाचं पाणी गळत होतं. पिशवी त्यानं चित्राच्या पदराआड सरकवली.

"हो ताई," तो म्हणाला, "सुट्टीच आहे ना."