मागच्या लोकांचा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. जुना असलो तरी फाटका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आज या गोदामात ताडपत्रीखाली पडून आहे, म्हणून कुणी मला भंगार समजू नये. मोकळ्या मैदानांवर रॉक बँडचे मोठमोठे कार्यक्रम होत, तेव्हा मी हजारो माणसांशी बोललेला आहे. पण इतकं बोलूनही स्वतःचं म्हणून एक अक्षर मला कधी काढता आलं नाही. जे सांगायला हवं होतं ते पोटातच राहिलं. ते आज तुम्हाला सांगतो, कारण आता दुसरं कुणी ऐकणारं उरलेलं नाही.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने जाड प्लायवूडचा कपाटाएवढा खोका केला, कोपरे पुन्हा पुन्हा घासले, सांधे बुजवले, आतून कापसाची गादी लावली. मग बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिलं. आवाज दबका आला, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. माझ्या पोटात कागदी पडदा बसवायला आलेल्या माणसाला तो म्हणाला, "खोका बोलता कामा नये बघा. बोलायचं ते पडद्याने. खोकाच मध्ये तोंड घालायला लागला की गाणं नासलं." मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. आपल्याला शिक्षा सुनावली जाते आहे, हे जन्मल्या जन्मल्या कुणाला कळतं?

पडदा बसवायला आलेला तो माणूस म्हणजे माझे मालक. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मैदानाच्या मधोमध तंबू ठोकून ते मिक्सरवर बसायचे आणि गाणाऱ्याचा आवाज किती, गिटार किती, ढोल किती हे ठरवायचे. त्यांची बायको कायम त्यांच्याबरोबर असे. ट्रकवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांची ती वहिनी, म्हणून माझीही वहिनीच.

स्टेजच्या दोन बाजूंना जे स्पीकर उभे असतात ते म्हणजे घरचे जावई. फोटोत ते, दिव्यांच्या झगमगाटात ते. मी आपला मागचा. मैदानाच्या पार टोकाला एक लोखंडी मनोरा उभा करत आणि त्याच्या पायथ्याशी, चौथऱ्यावर, मला ठेवत. माझं काम एकच होतं, पण ते सोपं नव्हतं. लांबवर कोणी हातोडा मारत असेल तर हातोडा आधी पडलेला दिसतो आणि ठोका मागाहून ऐकू येतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. आवाजाला चालत यावं लागतं. स्टेजजवळचा आवाज मैदान ओलांडून माझ्यापर्यंत यायला क्षणभर जातो. मी त्याच्या आधीच बोलून मोकळा झालो, तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येणार आणि एकदाही कळणार नाही. म्हणून मला तेवढा क्षणभर थांबवून ठेवत. मैदान बदललं की ते थांबणंही बदलायचं.

हे थांबणं जुळवायची उस्ताद आणि वहिनींची एक रीत होती. आमच्यात लंबू नावाचा एक ताडमाड वायरमन होता. तो स्टेजवर माइकसमोर उभा राहून लाकडाची दोन फळकुटं एकमेकांवर आपटायचा. टक. वहिनी माझ्यासमोर हातभर अंतरावर उभ्या राहून ऐकायच्या आणि वॉकीटॉकीवर सांगायच्या.

"दोन येतायत. थांबवा त्याला अजून."

"आता?" उस्ताद तंबूतून विचारायचे.

"जवळ आले. पण दोनच आहेत. घाई कशाला करताय, गाडी सुटतेय का?"

"आता?"

मग वहिनींचा चेहरा उजळायचा. "एकच!"

ते 'एकच' ऐकलं की आमची सगळी मंडळी चहाला मोकळी व्हायची. माझ्या आयुष्यातला सगळा आनंद त्या शब्दात होता.

पुढच्या लोकांना बँड तरी दिसतो, वहिनी म्हणायच्या, मागच्यांच्या वाट्याला नुसतं ऐकणंच येतं. त्यातही घोळ घातला तर त्यांनी घरीच बसावं की. एकदा कार्यक्रम संपल्यावर लेकीला खांद्यावर घेतलेला एक बाप माझ्याजवळ थांबला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दिसलं काही नाही, पण शब्द न् शब्द कळला." वहिनींनी ते ऐकलं आणि पदराने माझी जाळी पुसली. तशी ती पुसायची काही गरज नव्हती.

पण मित्रांनो, जी वाहवा मला मिळत होती तिची किंमत दुसरंच कुणी भरत होतं. वर्षागणिक बँड म्हणू लागले, वाढवा, अजून वाढवा. माझी जाळी थरथरायची, मनोऱ्याचे बोल्ट वाजायचे आणि वहिनी कार्यक्रमभर माझ्यासमोर ये-जा करत असायच्या. कारण संध्याकाळी हवा गार झाली की आवाजाची चाल थोडी बदलते, शब्द जाडे होतात, ते पकडायला कुणीतरी तिथे लागतं. उस्तादांनी एकदा सांगून पाहिलं, "अगं, कानात बोळे तरी घालत जा."

"म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवू म्हणताय," वहिनी म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

मग एक दिवस सामान ट्रकमध्ये चढवताना त्या सहज म्हणाल्या, "अहो, माझ्या कानात ना, शिट्टी वाजते. झोपताना जास्तच."

उस्ताद वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "सूर कुठला आहे ते सांग. पुढच्या वेळी गिटार त्याच्यावरच लावू!"

लंबू पोट धरून हसला. ट्रकवाला हसला. वहिनीही हसल्या. उस्ताद मनाचे वाईट नव्हते हो, त्यांना चेष्टेची खोड होती इतकंच. पण शिट्टीची गोष्ट वहिनींनी त्यानंतर पुन्हा काढली नाही. त्या हशात माझा आवाज नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं, की उस्ताद, हसू नका, ती शिट्टी माझी आहे, मी घातली आहे ती वहिनींच्या कानात. पण वायर काढलेली होती, आणि लावलेली असती तरी काय मोठे दिवे लावले असते मी! खोका बोलत नाही.

पुढे पुढे लंबूची फळकुटं वाजली की वहिनी डोळे बारीक करून स्टेजकडे बघू लागल्या. त्याचे हात खाली आलेले त्यांना दिसायचे. मग त्या हळूच तळहात माझ्या अंगावर ठेवायच्या. माझ्या लाकडात बारीकसा धक्का लागला की म्हणायच्या, "एकच." मला स्पष्ट दोन ऐकू येत असत. टक-टक. पण चूक फार मोठी नसे, कारण उस्तादांचा अंदाज पक्का होता, म्हणून निभावून जात होतं. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्या मला म्हणाल्या, "सांगितलं तर घरी बसवतील रे मला. घरी बसून काय करू, भिंती मोजू? तू काही चुगली करणार नाहीस ना?" आणि मग स्वतःच हसल्या. "तू कुठला बोलायला."

कुणी मला कुऱ्हाडीने फोडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आता त्या शेवटच्या कार्यक्रमाचं सांगतो. मैदान मोठं होतं. दुपारी सगळं जुळवून झालं आणि मग मैदानवाल्यांनी रुग्णवाहिकेच्या वाटेसाठी आमचा मनोरा बराच मागे सरकवायला लावला. माझं आधीचं थांबणं आता साफ चुकीचं होतं, आणि मी नक्की किती मागे गेलो याचा अंदाज उस्तादांना तंबूतून येत नव्हता. उस्तादांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, "अगं, मनोरा हललाय. नीट ऐक हं." लंबूने फळकुटं आपटली. टक... टक. दोन्हींच्या मधून बैल जाईल एवढं अंतर. वहिनींनी वॉकीटॉकीचा दिवा लुकलुकताना पाहिला, तळहात माझ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "एकच."

"पहिल्या झटक्यात? वा!" उस्ताद तंबूतल्या लोकांना म्हणाले, आणि तेही वॉकीटॉकीवरून मला ऐकू आलं, "हिचे कान म्हणजे सोनाराचा काटा."

सूर्य कलला, मैदान भरलं, बँड आला. जोराची गाणी कशीबशी उरकली. मग गाणाऱ्याने एक हळू गाणं घेतलं. त्याच्या वारलेल्या आईवर त्याने ते लिहिलं होतं. गाण्याआधी तो तिच्याविषयी दोन शब्द बोलू लागला. पुढे सगळे चिडीचूप. मागे मात्र 'आई' म्हटलं की 'आई-आई' ऐकू येत होतं, 'गेली' म्हटलं की 'गेली-गेली'. आधी चार जण हसले. मग एक टवाळ ओरडला, "अरे, दोनदा नको, एकदाच सांगा, पण नीट सांगा!" मग काय, मागचं अर्धं मैदान प्रत्येक शब्द दोन-दोनदा म्हणू लागलं. कुणाच्या तरी आईचं मरण, आणि आम्ही त्याचा तमाशा केला.

वहिनींनी लोकांना हसताना पाहिलं. लोक खुशीत आहेत असं त्यांना वाटलं. त्याही हसल्या, आणि लांब तंबूच्या दिशेने हात उंचावून 'सगळं छान' अशी खूण केली.

ती खूण उस्तादांनी पाहिली नाही, कारण मागचा गलका ऐकून ते मिक्सर दुसऱ्याच्या हाती देऊन धावत मागे येत होते. अर्ध्या वाटेतच त्यांना दोन आवाज ऐकू आले असणार. वहिनी माझ्यावर तळहात टेकून पाठमोऱ्या उभ्या होत्या. उस्तादांनी मागून हाक मारली, "अगं!" त्या हलल्या नाहीत. त्यांनी आणखी जवळ येऊन, अगदी खांद्यापाशी हाक मारली. त्या हलल्या नाहीत. उस्तादांचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला पुन्हा कधी पाहावा लागू नये. त्यांनी खाली वाकून माझी वायर उपटली.

माझी थरथर थांबली. तेव्हा वहिनी दचकून वळल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "एकच होतं की."

उस्तादांनी 'नाही' अशी मान हलवली. तेवढ्याने वहिनींना सगळं समजलं, आणि त्या माझ्याच चौथऱ्यावर मटकन खाली बसल्या.

त्यानंतर मी मैदान पाहिलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला लंबूच्या तोंडून कळलं. तो इथेच कुणाला तरी सांगत होता, की जे गेलं ते परत येत नाही, आणि राहिलेलंही हळूहळू जाणार. यंत्र लावलं तरी शब्द ओळखू येतीलच असं नाही. उस्तादांनी मोकळ्या मैदानाची कामं सोडली. बाकीचे स्पीकर दुसऱ्यांनी विकत नेले. माझ्यावर ताडपत्री आली, कोळ्यांनी जाळीवर जाळी विणली.

परवा दुपारी दोघंही गोदामात आले होते. वहिनी खाली बसून जुन्या वायरी गुंडाळत होत्या. उस्तादांना कोपऱ्यात लंबूची फळकुटं सापडली. ते वहिनींच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी ती आपटली. टक. वहिनी वायर गुंडाळत राहिल्या. ते एक पाऊल पुढे आले. टक. वायर गुंडाळली जात होती. शेवटी त्यांनी फळकुटं खाली ठेवली, समोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "त्या शिट्टीचा सूर कुठला आहे, सांग ना."

वहिनी त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. "आता विचारताय?" त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी प्रयत्न केला. तोंड उघडून आवाज वर नेला, अजून वर नेला, आणि तो चिरकला. "नाही जमत. फार वर आहे. गळा पोचत नाही तिथे."

"आत्ता वाजतोय?"

"थांबतो कधी तो?"

उस्तादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. या खेपेला कोणीच हसलं नाही.

मित्रांनो, डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. माझ्यासारख्याजवळ उभे राहाल तर कान झाका आणि लांब व्हा. तुम्हाला कुणी भित्रे म्हटलं तरी चालेल. आणि तुमच्या घरात कधी कुणी सहज म्हणालं, की माझ्या कानात शिट्टी वाजते, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच दिवशी नीट विचारा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं.

माझी वायर उस्तादांनी त्या संध्याकाळी उपटली ती कुणी परत लावली नाही. सगळ्यांच्या लेखी मी कायमचा बंद झालो. वहिनींच्या कानात मात्र मी अजून चालूच आहे, आणि तिथली वायर कुणालाच सापडत नाही.