शाफ्टवरचे बाण

धाकट्या भावाकडून ट्रक परत आला आणि त्याच दिवशी लक्ष्मणरावांच्या कानाला आवाज लागला. गाडीनं वेग घेतला की खालून घुर्रघुर्र, तळव्यांना थरथर. अठरा वर्षं चाकणच्या बाजारात कांदा वाहिलेल्या या गाडीचे सगळे आवाज त्यांना पाठ होते. हा त्यातला नव्हता.

"उद्धवनं पार्ट बदललाय," ते मुलीला म्हणाले. "चांगला काढून घेतला आन् त्याच्या गाडीतला झिजका हिला लावला."

वर्षाली कंपनीत पार्ट तपासायचं काम करायची. "बघितल्याशिवाय काकांचं नाव घेऊ नका, आबा."

रविवारी सकाळी चाकांना दगड लावून दोघं गाडीखाली शिरली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट समोर होता. त्याच्या नटांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसत होते.

"बघ, खोललाय! इहिरीच्या वाटणीतबी त्यानं असंच केलं."

वर्षालीनं सांध्यावरचं ग्रीस पुसलं. आतला क्रॉस, म्हणजे शाफ्टचे भाग जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, कोरा करकरीत होता. "काकांनी काही काढून घेतलं नाही, उलट नवा क्रॉस घातलाय."

"मग सांगितलं का न्हाई?"

वर्षालीनं शाफ्टवरून बोट फिरवलं. आणि आवाजाचं कारण सापडलं. शाफ्टच्या दोन तुकड्यांवर खुणेसाठी कोरलेले बाण समोरासमोर यायला हवेत. इथे क्रॉस बदलताना एक तुकडा थोडा फिरवून बसवला गेला होता. शाफ्ट उतरवायला तिसरा माणूस हवा होता. लक्ष्मणराव पाने पुसायला लागले. वर्षालीनंच शेजारच्या काकांच्या घराकडे हाक मारली.

उद्धवराव आले, काही न विचारता खाली शिरले आणि शाफ्टचं वजन हातांवर घेतलं. तिघांनी बाण जुळवून नट आवळले.

"क्रॉस कुठं तुटला व्हता?" अखेर लक्ष्मणरावांनी विचारलं.

"खेडच्या घाटात. रस्त्यातच बदलला. सांगितलं असतं तर म्हणला असतास, माझी गाडी मोडली."

"म्हणलोच असतो."

तिघं मोठ्या रस्त्याला चक्कर मारून आले. आवाज गेला होता. तरी लक्ष्मणराव कान देऊन चालवत होते.

"क्रॉस उगा तुटत न्हाई. घाटात माल किती भरला व्हतास?"

उद्धवराव खिडकीबाहेर बघत राहिले. दारात गाडी लावल्यावर चावी लक्ष्मणरावांनी स्वतःच्याच खिशात टाकली, आणि भावाला म्हणाले, "चहा घेऊन जा."