हौदावरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सध्या तोंड खाली करून एका हौदावर पडलो आहे. आवाज दबका आला तर सांभाळून घ्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात सूर्यभान सुतारांनी सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात, पारावर मला टांगलं. इथे विहिरींचं पाणी खारं. गोड पाणी नळाला येतं, तेही आठ दिवसांनी. देवानंद रोज सकाळी माझ्यावर गावच्या बातम्या लिहायचा. एकदा त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सरपंच शालिकराम यांच्या घरी रोज नळ, गावाच्या घशाला कोरड!’ गाव पेटलं. अकोल्याच्या पेपरात माझा फोटो आला. काय मिरवलो मी तेव्हा! पुढच्या निवडणुकीत शालिकराम पडला आणि देवानंद सरपंच झाला.

मग त्याला खडू धरायला वेळ मिळेना. मिळालाच तर स्वतःच्या सत्काराची बातमी लिही. सत्ता त्याच्या डोक्यात गेली, हे गावाआधी मला कळलं.

म्हाताऱ्या सुंदराबाई आठ-आठ दिवस खाऱ्या पाण्यावर काढत. एका सकाळी त्यांनी नात रश्मीकडून माझ्यावर लिहून घेतलं, ‘सरपंच देवानंद यांच्या घरी रोज नळ, गावाच्या घशाला कोरड!’ देवानंद आला, वाचलं, आणि स्वतःच्या रुमालाने पुसून काढलं.

“आजी, हे काहून लिवलं?”

“तुयेच शब्द हायेत, बापा. नाव तेवढं बदललं.”

त्याच दिवशी मी त्याच्या अंगणातल्या हौदाचं झाकण झालो. आता मला कोणी वाचत नाही, पुसतही नाही. ओलीने अंग फुगलं आहे. फार एकटं वाटतं.

मागच्या आठवड्यात रश्मीच्या फोनवरून एका वाहिनीची माणसं आली. माझी आशा पालवली. देवानंदने मला जरा सरकवलं, काठोकाठ भरलेल्या हौदात तांब्या बुडवला आणि पाहुण्यांपुढे धरला.

“वा, गोड आहे हो तुमच्या गावचं पाणी!” वार्ताहर म्हणाला. संध्याकाळी टीव्हीवरही तेच सांगितलं. कॅमेरा हौदापासून हातभर अंतरावर होता.

मित्रांनो, मला नवा रंग नको. जे उघडं करायचं तेच मी आज झाकून पडलो आहे, एवढंच सलतं. तुमच्यापैकी कुणीतरी या, मला उचला, आणि सुंदराबाईंना हा हौद दाखवा.