अडलेला दुसरा खण

मित्रांनो, चार चाकं, पाच खण आणि एक खोड, एवढाच माझा संसार! मी ऑपरेशन थिएटरमधली भुलीच्या औषधांची जुनी ट्रॉली आहे. नवी होते तेव्हा माझ्या पत्र्यात तोंड दिसायचं. सगळे कौतुक करायचे. पुढे रंग उडाला, दुसरा खण अडू लागला आणि बोलणी सुरू झाली. "हिला एकदाची भंगारात काढा," असं सिस्टर रोज म्हणत आणि रोज मलाच लोटत नेत. मी मनावर घेत नसे.

आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंची एक सवय होती. "कोणती औषधं चालू आहेत?" हे सगळेच विचारतात. बाई नातेवाइकांना आणखी एक विचारत, "आज काय घ्यायचं राहिलं?"

एका दुपारी कुलुपं दुरुस्त करणाऱ्या काकांना घाईघाईने आणलं. हर्नियात आतडं अडकलं होतं, थांबायला सवड नव्हती. रक्तदाब पार खाली गेलेला. फॉर्मवर लिहिलं होतं, 'औषधे: नाहीत.' अशा नाजूक माणसासाठी, रक्तदाब फारसा न पाडणारं भुलीचं इंजेक्शन माझ्या दुसऱ्या खणात असतं. बाईंनी खण ओढला. मी अडले.

सिस्टर खणाशी झटापट करू लागल्या. तेवढ्यात बाईंना गडबडीत राहिलेला प्रश्न आठवला. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या काकूंना विचारलं, "काकू, आज यांचं काय घ्यायचं राहिलं?"

"गोळी राहिली ना! कालपासून उलट्या, पोटात काही ठरतच नाही. इथे म्हणाले, उपाशी ठेवा. मघाशी फॉर्म भरताना विचारलं, औषध दिलं का? मी म्हटलं, छे, थेंबभर पाणीसुद्धा नाही."

"कसली गोळी?"

"मूत्रपिंडावर त्या ग्रंथी असतात ना, यांच्या नीट काम करत नाहीत. बारा वर्षं गोळीवरच चाललंय सगळं."

बाईंचा चेहराच उतरला. "सिस्टर, राहू द्या तो खण! ते औषध त्या ग्रंथींनाही झोपवतं. गोळी चुकली म्हणूनच रक्तदाब इतका पडलाय. आधी त्या गोळीच्या बदली स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सलाईन द्या. मग दुसऱ्या औषधाने, बेताबेताने भूल देऊ."

माझा जीव टांगणीला लागला होता. पण रक्तदाब हळूहळू वर आला आणि ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर येताच काकांनी विचारलं, "दुकानाला कुलूप लावलंस ना गं?" काकू रडता रडता हसल्या.

माझ्या अडलेल्या खणाची गोष्ट काकांनी सिस्टरांकडून ऐकली आणि घरी जायच्या दिवशी मला व्हरांड्यात आणवलं. काकूंकडून घरची कानस मागवली होती. बाकावर बसून त्यांनी माझ्या खणाची पट्टी घासली, तेल सोडलं आणि म्हणाले, "घ्या, आता कसा सरकतो बघा!" किती वर्षांनी कुणी माझं काही केलं! मी अगदी सुखावले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भंगारात काढण्याआधी एकदा तेल घालून बघा. आणि घरात कुणाची रोजची गोळी असेल, तर तिचं नाव पाठ करा, चुकली असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. माझा खण आता एका बोटाने उघडतो, अडून कुणाला थांबवत नाही. क्षणभर थांबायचं काम आता तुमचं.